पतंगांचा संग्रह : पेटींत कीं वहींत ?

गेल्या श्रावणांत आमच्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत एका काचेच्या पेटीभोवतीं विद्यार्थ्यांची व पालकांची मोठी गर्दी जमली होती. पेटींत टांचण्यांनीं टोंचलेले वीस-बावीस पतंग होते. मध्यभागीं वीतभर पंखांचा तांबूस ॲटलास पतंग, त्याच्या दोहों बाजूंस फिकट हिरवे, लांब शेपट्यांचे चांद्रपतंग, आणि कडेनें लहानमोठ्या पाकोळ्या, अशी ती मांडणी डोळ्यांस सुखविणारी होती. ज्या विद्यार्थ्यानें ती पेटी आणिली होती, त्याला मीं एकच प्रश्न विचारला, "हा मधला पतंग कोठला ?" तो क्षणभर घोटाळला आणि म्हणाला, "सर, ही पेटी आमच्या मामांनीं विकत आणली." त्या पेटीस बक्षीस मिळालें नाहीं, याचें कांहीं पालकांस वाईट वाटलें, व एका सद्गृहस्थांनीं तसें मला बोलूनही दाखविलें. त्या वेळीं त्यांना मला धड उत्तर देतां आलें नाहीं. तें आज येथें देण्याचा विचार आहे.

त्या विद्यार्थ्यास नांवें ठेवण्याचा अधिकार मला फारसा नाहीं. महाविद्यालयांत असतांना मींही असाच संग्रह केला होता. माझा एक सहाध्यायी भंडाऱ्याकडचा, दुसरा आसामांतून शिकावयास आलेला, आणि माझें आजोळ कोंकणांत. सुटीहून परततांना आम्ही प्रत्येकजण कागदाच्या त्रिकोणी पुड्यांत मेलेले पतंग घेऊन येत असूं. पुडीवर गांव व तारीख लिहिलेली असे. मीं ते पतंग मोठ्या हौसेनें पेटींत मांडले. मोठे मध्यें, लहान कडेला, रंगास रंग जुळवून. आणि पसारा नको म्हणून पुड्या केरांत टाकिल्या. पुढें कित्येक वर्षांनीं कीटकांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ घरीं आले असतां मीं ती पेटी त्यांच्यापुढें अभिमानानें ठेविली. एका करड्या, अनाकर्षक पतंगापाशीं ते बराच वेळ थबकले व त्यांनीं विचारलें, "हा कोठें मिळाला ? केव्हां ?" मी निरुत्तर झालों. त्यांनीं कांहीं न बोलतां पेटी मिटली. केरांत गेलेल्या त्या पुड्या हाच खरा संग्रह होता, पेटींत राहिली ती केवळ शोभा, हें मला त्या दिवशीं कळलें. ती शोभाही टिकली नाहीं. दोन पावसाळे गेले आणि पेटीस कसर लागली. पृथ्वीवर सांठविलेल्या धनास कसर लागते, हें मी रविवारच्या शाळेंत लहानपणापासून ऐकत आलों होतों. त्याचा प्रत्यय असा अक्षरशः येईल असें मात्र कधीं वाटलें नव्हतें!

स्थळ ही पतंगाची निम्मी ओळख आहे. टसर देणारा पतंग आणि मुगा देणारा पतंग हे एकाच प्रजातींतील भाऊबंद. परंतु टसरची अळी आपल्या भंडारा-गडचिरोलीकडील रानांत ऐनाच्या व अर्जुनाच्या पाल्यावर पोसते, आणि तिच्या कोशांपासून कोशाचें वस्त्र विणलें जातें. मुग्याची अळी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत सोम नांवाच्या झाडावर वाढते, व तिचा सोनेरी धागा हा आसामचा अभिमान आहे. प्रदेश, झाड आणि ऋतु हीं तिन्ही नांवाबरोबर लिहिलीं नाहींत, तर त्या पतंगाचें चरित्रच पुसलें जातें.

ज्यांनीं आपल्या देशांतील पतंगांचें शास्त्र उभें केलें, त्यांनीं ही गोष्ट कधीं विसरूं दिली नाहीं. जॉर्ज हॅम्पसन हे मूळचे निलगिरीवरील चहाचे मळेवाले. त्यांचे भारतीय पतंगांवरील चार खंड १८९२ ते १८९६ या काळांत प्रसिद्ध झाले. त्यांत प्रत्येक जातीच्या वर्णनाबरोबर ती कोणत्या प्रदेशांत मिळते हें नमूद केलेलें आहे. कारवारकडील वनाधिकारी टी. आर. बेल यांनीं वर्षानुवर्षें अळ्या घरीं वाढवून, कोणती अळी कोणत्या पानावर जगते व तिचा कोणता पतंग होतो, याचें टिपण ठेविलें. वेगवान उड्डाणाबद्दल इंग्रजींत ज्यांस ससाण्याचें नांव मिळालें आहे, त्या पतंगांवरील त्यांचा व स्कॉट यांचा ग्रंथ १९३७ सालीं निघाला. 'एहा' या नांवानें लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे तर १८५१ सालीं साताऱ्यास एका मिशनऱ्याच्या घरीं जन्मले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकवीत, पुढें जकात व मीठ खात्यांत गेले; १८८३ सालीं मुंबईस निसर्गेतिहास-मंडळ स्थापन करणाऱ्यांपैकीं ते एक होते. मळेवाला, वनाधिकारी, जकात-अधिकारी ! यांपैकीं आरंभीं कोणीही पतंगांवर पोट भरीत नव्हता. प्रत्येकानें आपण जेथें राहतों तेथील दिवा, तेथील झाड व तेथील भिंत पाहिली, आणि जें पाहिलें तें लिहून ठेविलें.

नांव देण्यांतील प्रामाणिकपणाही शिकावाच लागतो. नोटोडोंटिडी नांवाचें पतंगांचें एक मोठें कुळ आहे. इंग्रज संग्राहकांनीं या कुळास 'प्रॉमिनंट', म्हणजे पुढें आलेले, उठावदार, असें नांव दिलें. कारण यांतील पुष्कळांच्या पुढील पंखांच्या आंतल्या कडेवर एक झुबका असतो, व पंख मिटले कीं तो पाठीवर उंचवट्यासारखा उभा राहतो. नांव असें उठावदार, पण वृत्ति सारी लपण्याची ! फॅलेरा या प्रजातींतील पतंग पंख गुंडाळून बसला कीं हुबेहूब मोडलेली काटकी. पंखांच्या टोंकांवरील फिकट डाग म्हणजे काटकीचें ताजें मोडलेलें तोंड. स्टॉरोपस या दुसऱ्या प्रजातीची कोंवळी अळी मुंगीसारखी दिसते, आणि मोठी झाली कीं लांब पायांमुळें शेवंडासारखी. गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांतील एक मुलगी व्हरांड्याच्या भिंतीवरील काटकी झटकूं गेली, तों काटकीच उडाली ! तिनें चार दिवस चित्रें ताडून पाहिलीं. कुळ कळलें, जातीविषयीं मात्र दोन सारख्या चित्रांमध्यें निर्णय होईना. तेव्हां तिनें वहींत कुळाचें नांव लिहिलें आणि जातीच्या रकान्यांत जागा रिकामी ठेविली. ती रिकामी जागा पाहून मला जो आनंद झाला, तो काचेची सबंध पेटी पाहून झाला नव्हता. कित्येक जातींचा भेद सूक्ष्मदर्शकाखालीं अवयव तपासल्यावांचून खुद्द तज्ज्ञांसही कळत नाहीं. जें ठाऊक नाहीं तेथें थांबणें हाही ज्ञानाचाच भाग आहे.

"पण याचा उपयोग काय ?" असें पालक विचारतात, व तें विचारणें रास्त आहे. त्यास मी चाकणच्या बाजूस शेती असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याचें उदाहरण देतों. अमेरिका खंडांतील लष्करी अळी २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत आढळली आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांतही येऊन पोहोंचली. ही एका करड्या, क्षुद्र दिसणाऱ्या पतंगाची अळी. परंतु मक्याच्या पोंग्यांत शिरली म्हणजे पीक हातचें जातें. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी फिकट खूण असते, आणि शेपटाजवळ चार काळे ठिपके चौकोनांत असतात. या मुलानें वर्गांत तें चित्र काढलें होतें. सुटींत घरीं गेला असतां मक्याच्या चार-दोन झाडांवर त्याला तीच खूण दिसली. त्यानें वडिलांस दाखविली, वडिलांनीं कृषि-सहायकास बोलाविलें. अळ्या व अंड्यांचे पुंजके हातानें वेंचून नष्ट केले, आणि मका वांचला. परीक्षेंत या ओळखीस गुण नव्हते. वर्षभराच्या धान्यास मात्र होते.

आतां पिंपरीकडे वळूं. धुराच्या व यंत्रांच्या गांवांत पतंग काय पाहावयाचे, असें पुष्कळांस वाटतें. इंग्लंडांतील मँचेस्टर हेंही धुराचेंच गांव होतें. तेथें पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असलेला एक साधा पतंग असे. १८४८ सालीं त्याच जातीचा एक पूर्ण काळा पतंग तेथें सांपडल्याची नोंद झाली. काजळीनें झाडांच्या सालीं काळवंडल्या होत्या; त्यांवर पांढरे पतंग पक्ष्यांस दिसत व टिपले जात, काळे वांचत. १८९५ पर्यंत त्या भागांत शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव काळे झाले होते. पुढें १९५६ सालीं हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला, धूर ओसरला, आणि पांढरे पतंग हळूहळू परत आले. निसर्गाच्या निवडीचें हें उदाहरण आज जगांतील पाठ्यपुस्तकांत आहे. तें कळलें कशामुळें ? कोणी एका हौशी माणसानें एका साध्या पतंगाखालीं गांव व साल लिहून ठेविलें होतें म्हणून.

आपल्या पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथें कारखान्यांची रांग लागली. १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि आज ही रांग चाकणपर्यंत भिडली आहे. शेतें गेलीं, पवनेच्या कांठचीं झाडें विरळ झालीं, रात्र दिव्यांनीं उजळली. या सत्तर वर्षांत येथून कोणता पतंग गेला व कोणता आला, हें आमच्या शाळेच्या दप्तरांत शोधूं गेल्यास एक ओळही मिळणार नाहीं. गेलेलीं वर्षें परत येत नाहींत. पण आज वही उघडली, तर आणखी पन्नास वर्षांनीं या शाळेंत बसणाऱ्या मुलांस ती मिळेल.

यास खर्च जवळजवळ नाहीं. एक पांढरी चादर, एक दिवा, आणि अमावास्येच्या आसपास दोन तासांचा वेळ. चादरीवर जे पतंग येतील त्यांचें मोबाइलवर चित्र घ्यावें. वहींत तारीख, वेळ, जागा, पाऊस होता कीं नव्हता, व जवळचें झाड कोणतें, हें लिहावें. मग दिवा मालवून त्यांना जाऊं द्यावें. दिवसां कुंपणाची कण्हेर पाहावी. डोक्यामागें दोन निळे डोळे असलेली हिरवी अळी तेथें भेटेल. गुळवेल पाहावी; संत्र्या-मोसंब्यांस सोंड खुपसणाऱ्या पतंगांच्या अळ्या तिच्यावर वाढतात. भीमाशंकरसारख्या अभयारण्यांत मात्र परवानगीवांचून कीटक पकडणें कायद्यानें निषिद्ध आहे, हें सहलीला जातांना ध्यानांत असावें.

संशोधनासाठीं कांहीं नमुने जपून ठेवावे लागतात, हें मला मान्य आहे. तें काम संग्रहालयांचें व शिकलेल्या हातांचें. प्रदर्शनाच्या शोभेसाठीं मारणें हें निराळें. ॲटलास पतंगास खावयास तोंडच नसतें. अळी असतांना सांठविलेल्या शिदोरीवर तो फार तर एक-दोन आठवडे जगतो, व तेवढ्यांत त्याचा सारा संसार उरकावयाचा असतो. ते थोडेसे दिवसही आपण दहा मिनिटांच्या कौतुकासाठीं हिरावून घ्यावे काय ?

आणखी एक विनंति शाळेच्या चालकांस आहे. मैदानावरील मोठा दिवा रात्रभर जळतो, आणि सकाळीं त्याच्याखालीं मेलेल्या पतंगांचा केर झाडावा लागतो. पतंगास दीपाची प्रीति असते, ही कवींची कल्पना. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, उडणारा कीटक आपली पाठ प्रकाशाकडे ठेवूं पाहतो; आकाश वर असतें तोंवर तो सरळ उडतो, पण दिवा बाजूस आला कीं त्याचें वरखालचें भान चुकतें आणि तो तेथेंच गरगरत राहतो. ती प्रीति नव्हे; वाट चुकणें होय. मुलें घरीं गेल्यावर तो दिवा मालविला, तर शाळेचें वीजबिलही उतरेल.

असो. ज्या पालकांनीं मला बक्षिसाविषयीं विचारलें, त्यांस माझें उत्तर एवढेंच आहे कीं, पेटी सुंदर होती. पण ती पाहून आपल्याला कोणत्याही गांवाविषयीं, कोणत्याही रात्रीविषयीं कांहीं कळलें नाहीं. पुढील वर्षीं प्रदर्शनांत एक टेबल वह्यांसाठीं राखून ठेवण्याचें ठरलें आहे. त्या विद्यार्थ्यानें, पेटीच्या त्या मालकानें, गेल्या महिन्यांत माझ्याकडून एक कोरी वही नेली. तिच्या पहिल्या पानावर त्यानें लिहिलें आहे : "पिंपरी, आमच्या इमारतीचा जिना, रात्रीं ९ वाजतां. एक करडा पतंग. नांव माहीत नाहीं." संग्रहाचा आरंभ याहून चांगला कसा व्हावयाचा ?