सांध्यातलं हाड मोडलं? प्लास्टर की स्क्रू, निर्णय वेळेतच हवा

बडनेरा : जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं. गिनीज बुकात नोंदही झाली. रस्ता गुळगुळीत झाला, पण दुचाकीवरून पडणाऱ्याचा गुडघा-घोटा तेवढाच नाजूक आहे. हाड मोडलं की घरात पहिला प्रश्न हाच : प्लास्टरवर भागेल, की स्क्रू टाकावे लागतील?

हातापायाचं हाड मधोमध मोडून जरासं वाकडं जुळलं, तरी बरेचदा काम निभतं. सांध्यात तसं नाही. तिथे हाडावर कुर्चेचा गुळगुळीत थर असतो. तुकडा दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी पायरी पडते, सांधा झिजत जातो. मग निंदणाला उकिडवं बसणं कठीण होतं. तुकडे सरकलेच नसतील, तर मात्र प्लास्टरवर भागू शकतं.

स्क्रूचं काम सुतारकामासारखंच. अलीकडच्या तुकड्यात भोक सैल, पलीकडच्या तुकड्यात आटे पकडतात. आवळलं की दोन्ही तुकडे घट्ट बसतात. त्यामुळे सांधा लवकर हलवता येतो, आखडत नाही. पण स्क्रू टाकले म्हणजे लगेच चालायचं, असं नाही. गुडघ्याजवळच्या अशा फ्रॅक्चरमध्ये साधारण सहा ते बारा आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही.

सूज उतरेपर्यंत डॉक्टर काही दिवस थांबतात, तो हलगर्जीपणा नव्हे. खरं नुकसान होतं गावात पट्टी बांधून दिवस घालवल्यानं. तीन आठवड्यांनंतर तुकडे चुकीचेच जुळू लागतात, ऑपरेशन अवघड होतं. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या तर रक्तपुरवठाही थांबू शकतो. बोटं गार पडली, बधिर झाली किंवा जखमेतून हाड दिसलं, तर एक तासही थांबू नका. १०८ ला फोन करा.

पैशाचं गणितही वेळेशीच बांधलेलं आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, पण अपघातापासून फक्त सात दिवस. आठवडा पट्टीत गेला की ती सोय संपली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारा. राशन कार्ड, आधार सोबत ठेवा.