बिटाचा रस, काकूंची गोळी आणि माझी हेडलाइन

आज सकाळी तुमच्या फॅमिली ग्रुपवर काय आलं? जिऱ्याचं पाणी की कॉफी? 'कॉफीने आयुष्य वाढतं' वाचून तुम्ही दुसरा कप घेतला असेल, तर एक सांगून टाकते. अशा बातम्या लिहिणारी बरेचदा माझ्यासारखीच कुणीतरी असते. वय बावीस, मास कॉमची डिग्री, आणि बायोलॉजी दहावीनंतर सुटलेलं.

गेल्या वर्षी मी एका वेबसाइटवर इंटर्न होते. रोज तीन हेल्थ स्टोरीज द्यायच्या. त्यातलीच एक, 'बिटाच्या रसाने बीपी कमी होतं, संशोधकांचा दावा'. प्रेस नोट वाचली, मूळ पेपर उघडलाही नाही, वीस मिनिटांत कॉपी फाइल. ती फिरत फिरत मुलुंडच्या आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आली. महिन्याभराने समोरच्या काकू जिन्यात चक्कर येऊन बसल्या. बीपी मोजलं तर भलतंच वर. त्यांनी गोळी अर्धी केली होती.

"अगं, तूच लिहिलं होतंस ना, रसाने कमी होतं म्हणून?"

काकूंना घेऊन मीच खालच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरकाका रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "किती माणसांवर प्रयोग केला? किती दिवस? कशाशी तुलना केली? आणि गोळी बंद करून की चालू ठेवून?" चारही प्रश्नांना माझं उत्तर एकच, माहीत नाही. "मग तू बातमी नाही, रेसिपी लिहिलीस."

बिटात नायट्रेट असतं, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, काही अभ्यासांत बीपीचा वरचा आकडा थोडासा उतरलाही आहे. तो 'थोडासा' माझ्या हेडलाइनमध्ये मावला नाही.

मग त्यांनी मला २०१५ची एक गंमत सांगितली. जॉन बोहॅनन नावाचा पत्रकार आणि गुंटर फ्रँक नावाचा जर्मन डॉक्टर, दोघांनी मुद्दाम एक वाईट अभ्यास केला. माणसं १५, मोजलेल्या गोष्टी १८. निष्कर्ष काय, तर डाएटसोबत रोज डार्क चॉकलेट खाल्लं की वजन लवकर उतरतं. ६०० युरो भरल्यावर एका जर्नलने तो छापला आणि जर्मनीच्या 'बिल्ड'ने पहिल्या पानावर घेतला. आकडे खोटे नव्हते बरं का. अंधेरीच्या ब्रिजवर १५ जणांना अडवून १८ प्रश्न विचारा, निळा शर्ट घालणाऱ्यांना लोकलमध्ये सीट जास्त मिळते असंही काहीतरी निघेल!

डॉक्टर लोक स्वतःच्या धंद्याची टर आपल्यापेक्षा भारी उडवतात. 'बीएमजे' या नामवंत जर्नलच्या २०१८च्या ख्रिसमस अंकातला प्रयोग बघा. २३ जणांनी विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून उडी मारली, काहींच्या पाठीवर पॅराशूट, काहींच्या पाठीवर रिकामी बॅग. जखमी कुणीच झालं नाही, म्हणजे पॅराशूटचा फायदा शून्य. फक्त विमान जमिनीवर उभं होतं. मी ती कॉपी केली असती तर हे वाक्य शेवटच्या पॅरात गेलं असतं आणि जागेअभावी उडालं असतं.

"म्हणजे कशावरच विश्वास ठेवायचा नाही?" मी जरा वैतागूनच विचारलं.

"टाटाची चाचणी वाच," ते म्हणाले. वाचली, या वेळी मूळ पेपर. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना दोन गटांत विभागलं. एका गटाची दर दोन वर्षांनी तपासणी, दुसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती. (दुसऱ्या गटाला तपासणी का नाही, यावरून मोठा वाद झाला, आणि तो मला रास्त वाटतो.) तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. गर्भाशयमुखासाठी त्या वापरायच्या पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनांची तपासणी मात्र हाताने. तिचा निकाल २०२१मध्ये आला, त्याच 'बीएमजे'त. सगळ्या वयांत मिळून मृत्यू १५ टक्के कमी, पण हा योगायोगही असू शकतो, असं त्यांनी सरळ मांडलं. पन्नाशी आणि पुढच्या बायकांत मात्र घट जवळपास ३० टक्के.

वीस वर्षं खपून 'योगायोग असू शकतो' म्हणायचं! मी वीस मिनिटांत 'संशोधकांचा दावा' म्हणून मोकळी झाले होते.

काकू आता गोळी पूर्ण घेतात. बिटाचा रसही घेतात, डॉक्टरकाकांच्या परवानगीने, चवीसाठी. माझी बातमी अजून तिथेच आहे, दुरुस्तीसाठी दोनदा मेल केला. काल घाटकोपरच्या मावशीने तीच लिंक मला पाठवली, खाली लिहिलं होतं, 'आईला दाखव'.