एकविसाव्या बटणामागचा ऑर्गन

आमच्या तलवाड्यातल्या एका भजनी मंडळाची जुनी पेटी मी मारली. चांगल्या हेतूने मारली, म्हणून गुन्हा कमी होत नाही.

चार वर्षांपूर्वी सुट्टीला गावी गेलो होतो. मंडळातले आबा म्हणाले, "भाता हवा सोडायलाय. नीट करणारा माणूस मिळंना." मी पडलो इंजिनिअर. एका रात्रीत सगळ्या ३७ पट्ट्या रेकॉर्ड केल्या, फाईली स्वच्छ केल्या, फोनमध्ये टाकल्या आणि स्वस्तातल्या कीबोर्डला जोडून दिल्या. "आबा, तुमची पेटी आता कायमची जपली," असंही म्हणालो. पेटी माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीत खाली काढली, तर भाता उंदरांनी खाल्लेला आणि पितळी रीडवर हिरवट थर चढलेला. माझ्याकडे ३७ फाईली शाबूत होत्या. पेटी दुरुस्त करायला त्यातली एकही कामाची नव्हती.

'जपलं' हा शब्द आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी नासवला आहे. पेटीच्या बाबतीत ते मला उशिरा कळलं. पण तिच्या थोरल्या भावंडांचं, म्हणजे ऑर्गनचं, काय झालं ते बघितल्यावर वाटलं की हे बोललंच पाहिजे.

१९९१ साली कीबोर्डच्या आवाजांची एक जागतिक यादी ठरली, जनरल मिडी नावाची. एकूण १२८ आवाज. त्यात विसावा चर्च ऑर्गन, एकविसावा रीड ऑर्गन. विसावं बटण दाबलं की कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमधल्यासारखा पाइप ऑर्गन वाजतो म्हणे. एकविसावं दाबलं की गंधर्व नाटक मंडळी! १९१३ साली निघालेल्या त्या कंपनीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत. हे सगळं आता दोन आकड्यांत मावलं.

मावलं नाही. फक्त झाकलं गेलं.

पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतःचा पाइप असतो. आवाज आणखी एक सप्तक खाली न्यायचा तर आठ फुटांच्या जागी सोळा फुटांचा पाइप लागतो. म्हणजे ते वाद्य इमारतीत ठेवलेलं नसतं, इमारतच वाद्याचा भाग असते. नाटकातल्या ऑर्गनची तऱ्हा वेगळी. त्यात पाइप नाहीत, पेटीसारख्याच पितळी रीड आहेत. पण पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, तर या अमेरिकी पद्धतीच्या ऑर्गनमध्ये पायाने भाता चालवून हवा आत ओढली जाते. म्हणून आवाज मऊ आणि भरीव. दोन्ही हात मोकळे, आणि आवाज चढवायला-उतरवायला गुडघ्याजवळ दांडी. वाजवणाऱ्याचा पाय, गुडघा आणि गाणाऱ्याचा श्वास यांचं आपसात काही ठरत असे. माझ्या फाईलमध्ये एक सूर आहे, एका दाबाचा, एका रात्रीचा.

गंमत बघा. पेटीला शत्रू होते. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, कारण तिच्यात मींड निघत नाही, तिचे सूर विदेशी. ती बंदी १९७१ साली उठली, तीही अंशतःच. लोक भांडले, लेख लिहिले, आणि पेटी टिकली. ऑर्गनवर कुणी बंदी घातली नाही. १९३१ ला 'आलम आरा' आला, १९३२ ला 'अयोध्येचा राजा', आणि बोलपटाने नाटक कंपन्यांचा प्रेक्षक नेला. त्या बोलपटात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, पेटीचे एवढे मोठे वादक! तिकडे अमेरिकेतही मूकपटांसाठी थिएटरांत बसवलेले प्रचंड ऑर्गन बोलपटानेच मुके केले. ज्याच्याशी कुणी भांडत नाही ते गुपचूप जातं. आणि बटण आलं की गेलेलं कळतही नाही.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. ऑर्गन जड, महाग, पावसाळ्यात लाकूड फुगतं. भजनाला कीबोर्ड पुरतो. पुरतोच. तो खुशाल वाजवा. माझं भांडण कीबोर्डशी नाही, 'आवाज वाचला म्हणजे वाद्य वाचलं' या थापेशी आहे. रीडच्या टोकाला कानस मारली की सूर चढतो, मुळाशी मारली की उतरतो. एवढं साधं ज्ञान माझ्या ३७ फाईलींत कुठेच नाही. ते दुरुस्ती करणाऱ्याच्या बोटांत होतं, आणि त्याला आपण कामच ठेवलं नाही.

अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या सभागृहात १९२९ ते १९३२ दरम्यान बांधलेला ऑर्गन आहे, ३३ हजारांहून जास्त पाइपांचा. १९४४ च्या वादळात पाणी शिरलं आणि नंतर कित्येक दशकं त्याचा बराचसा भाग गप्प होता. तिथल्या लोकांनी आवाजाची फाईल करून गळे काढले नाहीत. पाइप-पाइप करून दुरुस्ती चालवली आहे. ब्रिटनमध्ये गावोगावच्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनची राष्ट्रीय नोंदवही आहे, कुणीही बघावी. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना रडणारे चिक्कार, पण महाराष्ट्रात किती ऑर्गन उरलेत याची एक यादी कुठे असेल तर दाखवा.

ती यादी आपण करू शकतो, खिशातल्या फोनवर. व्हरमाँटच्या एस्टी कंपनीने (आपली लाल एसटी नव्हे) पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. तिच्या ऑर्गनवर क्रमांक असतो आणि त्यावरून बनण्याचं साल काढता येतं. म्हणून जुन्या वाड्यात, शाळेत, चर्चमध्ये, नाट्यगृहाच्या अडगळीत ऑर्गन दिसला तर सेल्फी नंतर. आधी विचारून झाकण उघडा. कंपनीचं नाव, क्रमांक, भात्याची अवस्था, आतल्या रीड, सगळ्यांचे फोटो काढा. कुणी वाजवला, कुणी दुरुस्त केला ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. जवळपास पेटी दुरुस्त करणारा असेल तर त्याचे हात कामात असताना व्हिडिओ काढा, आणि त्याला कामाचे पैसे द्या.

मी आबांची पेटी खोलली आहे. प्रत्येक रीडला चिठ्ठी लावून वहीत तिची जागा लिहितोय. नवा भाता कोण शिवून देईल ते अजून शोधतोय. आबा परवा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "हे तू आधी करायचंस का नाही रे?"

यावर माझ्याकडे फाईल नव्हती.