बाग शहराची, दुपार तालुक्याची

कोरपना - चंद्रपुरातील आझाद बगीच्याचा विचार सहसा सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या सोयीने होतो. गडचांदूर, राजुरामार्गे एसटीने येणारा कोरपना तालुक्यातील माणूस त्यात बसत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय किंवा रुग्णालयातील काम आटोपल्यावर परतीच्या गाडीपर्यंत त्याचे दोन-तीन तास उरतात, तेही भर दुपारी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या शहरात तेव्हा झाडाची सावली ही चैन नव्हे. राज्यातील अनेक पालिकांच्या बागा मात्र नेमक्या दुपारीच कुलूपबंद असतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ मधील निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. तेव्हा कोळसा आणि विजेबरोबर सिमेंटचीही चर्चा झाली. ते सिमेंट आवारपूर, गडचांदूर, उपरवाहीत, म्हणजे याच तालुक्यात तयार होते. धूळ सोसणाऱ्या या गावांचाही जिल्ह्याच्या बागेवर काही हक्क असावा. पण बागेचे नूतनीकरण म्हटले की कारंजी, प्रवेशद्वार, रोषणाई (आणि हल्ली सेल्फी पॉइंट!) आधी सुचतात. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि दुपारी उघडे फाटक मागे पडते. चंद्रपूरला २०११ मध्ये महापालिका मिळाली; कोरपन्याचा माणूस तिच्या मतदारयादीत नाही.