सहीच्या आधीचं बोलणं

प्रसूतिगृहातल्या संमतीपत्रावर बहुतेकींनी न वाचताच सही केलेली असते. कळा सुरू झाल्यावर वाचणार तरी कोण? त्या सहीच्या कितीतरी आधी जे बोलणं व्हायला हवं, त्याविषयी हा अंक आहे.

निमित्त स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरच्या खटल्याचं. साल १९९९. आई ठेंगण्या बांध्याची, मधुमेही. अशा मातांच्या बाळाचे खांदे अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के असते. तिला हे सांगितलंच गेलं नाही. सांगितलं तर बायका सिझेरियनच मागतील, असं डॉक्टरांचं म्हणणं. खांदे अडकले. डोकं बाहेर आल्यावर बाळ पूर्ण बाहेर यायला १२ मिनिटं लागली. प्राणवायूअभावी त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. स्कॉटलंडच्या न्यायालयांत हरलेली ही आई २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. भरपाई साडेबावन्न लाख पौंडांची. पण आम्हाला मोलाचं वाटतं ते तत्त्व. किती सांगायचं हे डॉक्टरांच्या प्रथेवर नाही, समोरच्या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल यावर ठरतं.

आपल्याकडे १९९५ पासून खासगी रुग्णालयांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्यात येते. संमतीबाबत मात्र २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांच्या प्रचलित रीतीकडे झुकणारा निकष स्वीकारला. तो बदलावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तरीही हा अंक डॉक्टरांविरुद्धचं आरोपपत्र नाही. गर्दीच्या ओपीडीत समजावून सांगायला वेळ कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्नही इथे तितक्याच गांभीर्यानं मांडला आहे.

तुम्हाला काय सांगितलं गेलं होतं? आई, परिचारिका, डॉक्टर, सगळ्यांनी जरूर लिहा.