पंचकोन आणि लग्नचौक

कार्बन-११ हा किरणोत्सारी पदार्थ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. सकाळी तो मुंबईतल्या परळमध्ये तयार करून गाडीत ठेवला आणि मनोर, विक्रमगड करत पालघर जिल्ह्यातलं जव्हार गाठायला चार तास लागले, तर वाटेत तो बारा वेळा निम्मा झालेला असेल. हाती उरेल चार हजारावा हिस्सा. जिवंत माणसाच्या डोक्यातला अल्झायमर जगाला स्पष्ट दिसू लागला तो या अल्पायुषी कार्बनच्या मदतीने. तो जव्हारपर्यंत येणार नाही; जव्हारच्या माणसालाच त्याच्याकडे जावं लागेल.

त्याआधी जवळपास शंभर वर्षं हा आजार फक्त मेलेल्यांचा होता. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आउगुस्टे डेटर ही रुग्ण पाहिली. तिला स्वतःचं नावही धड लिहिता येईना. १९०६ मध्ये ती गेली, तेव्हा मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने त्यातल्या गाठी आणि गुंते पाहिले. पुढच्या पिढ्यांनीही तेच केलं. डॉक्टरांनी लक्षणांवरून अंदाज बांधायचा आणि तो बरोबर होता की चूक, हे शवविच्छेदनाने सांगायचं.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस या दोघांनी ही रीत मोडली. अमायलॉइड प्रथिनाच्या गाठी दिसाव्यात म्हणून प्रयोगशाळेत मेंदूच्या कापांना थायोफ्लेविन हा रंग लावतात. या रंगाचा रेणू त्यांनी असा बदलला की तो रक्तातून जिवंत मेंदूत शिरेल, गाठींना चिकटेल आणि त्याला जोडलेल्या कार्बन-११ मुळे पेट स्कॅनमध्ये दिसेल. माणसावरचा पहिला प्रयोग मात्र अमेरिकेत नव्हे, स्वीडनमधल्या उप्साला इथे फेब्रुवारी २००२ मध्ये झाला. त्या चमूतला एक डॉक्टर होता हेन्री एंग्लर. हा मूळचा उरुग्वेचा, तुपामारो बंडखोरांपैकी एक. लष्करी राजवटीच्या तुरुंगात त्याने तेरा वर्षं काढलेली, तीही बरीचशी एकांतकोठडीत. स्वतःच्या मनाचा तोल जाताना ज्याने अनुभवला, त्याच्याच समोरच्या पडद्यावर दुसऱ्याच्या विस्मरणाचं चित्र उमटावं, असं कादंबरीकाराने लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलेलं वाटलं असतं. या प्रयोगावरच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सोळा रुग्ण होते आणि तुलनेसाठी नऊ निरोगी माणसं.

योगायोग असा की देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला तोही २००२ मध्येच. पुढे फ्लोरिन-१८ वर बेतलेले पदार्थ आले. फ्लोरिन एकशे दहा मिनिटांत निम्मा होतो, म्हणजे गाडीत घालून दुसऱ्या शहरात नेता येतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात प्रवत मंडल यांनी तर सुईच टाळली. एमआरआयच्याच तंत्राने त्यांनी मेंदूतलं ग्लुटाथिओन हे गंजरोधकासारखं काम करणारं रसायन मोजलं, आणि आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते अल्झायमरच्या रुग्णांत कमी झालेलं आढळलं.

पण यंत्र कशाशी तुलना करून ‘कमी’ म्हणतं? मेंदूची चित्रं ज्या प्रमाणित नकाशावर बसवून जगभर वाचली जातात तो कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा, पाश्चात्त्य माणसांच्या मेंदूंवरून केलेला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या जयंती शिवस्वामी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शंभर भारतीयांचे स्कॅन घेऊन वेगळा नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू लांबी, रुंदी आणि उंचीत सरासरीने थोडा लहान निघाला. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. मात्र परक्या नकाशावर ठेवलेला निरोगी मेंदू आक्रसल्यासारखा दिसू शकतो.

शिवाय मेंदूत अमायलॉइडच्या गाठी असूनही शेवटपर्यंत शुद्धीत, हिशेबात चोख राहिलेले म्हातारे सगळीकडे सापडतात. म्हणून नुसतं चित्र पुरत नाही. माणसाला प्रश्न विचारावे लागतात, आणि जव्हार-मोखाड्याची खरी अडचण इथे सुरू होते.

या कामासाठी जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी १९७५ मधली, तीस गुणांची. शंभरातून सात-सात वजा करत जाण्याला पाच गुण. कागदावरची सूचना वाचून तसं करण्याला एक, एक वाक्य लिहिण्याला एक, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढण्याला एक. मोखाड्याच्या पाड्यावरची, शाळेची पायरी न चढलेली सत्तरीची बाई मेंदूने ठणठणीत असली तरी हे आठ गुण गमावू शकते. उरतात बावीस. चोविसाच्या खाली शंका घ्यायची असा सर्वसाधारण रिवाज. म्हणजे तिचा आजार हा की ती शाळेत गेली नाही.

तीच बाई कदाचित कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढते, पालघट देवीभोवतीची एकेक चौकट न चुकता. वारली लग्न लावणारी धवलेरी तासन्‌तास गाणी म्हणते, तीही पोथीशिवाय. तिची आठवण तपासायची तर गाण्याचा क्रम चुकतो का, जुनं कडवं नव्यात मिसळतं का, हे पाहावं लागेल. पेन्सिलीतून ते कळणार नाही.

अशी मोजपट्टी बदलणं अशक्य नाही. पिट्सबर्गच्याच मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी ते केलं. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘मी करते तसं करा’, वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’. तो रंग आणि हे प्रश्न दोन्ही पिट्सबर्गशीच जोडलेले. त्यातल्या रंगाची कीर्ती जगभर झाली, प्रश्नांची अभ्यासकांपुरती राहिली. बल्लभगडमध्ये अल्झायमरचं प्रमाण जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक निघालं. मुंबईत चाळीस वर्षांवरच्या चोवीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंश अडीच टक्क्यांच्या आत होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने मात्र साठीपुढच्यांसाठी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज दिला. स्त्रियांत जास्त, खेड्यांत जास्त. वयोगट वेगळे, मोजण्याची रीतही वेगळी, त्यामुळे हे आकडे एका ओळीत मांडून चालत नाही.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार खेडुतांचा वर्षानुवर्षं मागोवा घेण्याच्या कामाला लागलं आहे. प्रश्न, रक्त आणि एमआरआयही. पालघर जिल्ह्यात असं काही का होऊ नये? वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी अशा समाजांच्या इतक्या बोली आणि इतकी मौखिक परंपरा एका टापूत दुसरीकडे सहज मिळणार नाही.

तूर्त इथे आजाराला नावच नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलं की विषय संपतो. कुणी चळ म्हणतं, कुणी बाहेरचं काही समजून भगताकडे नेतं. शहरी मराठी घरांत तरी ‘अस्तु’ या चित्रपटातल्या मोहन आगाशेंच्या शास्त्रीबुवांनी हत्तीमागे चालत जाऊन हे नाव पोहोचवलं. दिवाळीनंतर पाड्यांवरची कर्ती माणसं वीटभट्ट्यांकडे निघतात आणि मागे म्हातारी उरतात. पोरगा होळीला परततो तेव्हा आई त्याला ओळखत नाही, आणि हे नेमकं कधी सुरू झालं ते सांगणारं घरात कुणी नसतं.

महागडी नवी औषधं इथवर यायला वेळ लागेल, आणि ती सुरू करण्याआधी स्कॅन लागतोच. पण वाढलेला रक्तदाब, बहिरेपण आणि मोतीबिंदूने अंधारलेली नजर हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये नोंदवलं आहे. त्यांना ना सायक्लोट्रॉन लागतो ना परळची वारी.

प्रश्नांचं तर अर्धं काम कागदावर झालेलंच आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न छापलेला आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? पाड्यावरच्या घराला पत्ता नसतो, तेव्हा तो भाग ‘तुझं घर कुठलं, दाखव’ असा बोलीत बदलावा. आणि ‘हो’ असं उत्तर आलं, तर त्या म्हातारीला पुढे कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, कुणाकडे न्यायचं हे त्याच फॉर्मखाली छापावं. जिल्हा आरोग्य विभागाने एवढं पुढच्या वीटभट्टीच्या हंगामाआधी करावं.