टक्केवारी आणि माणूस

पत्रिका पाहून आयुर्मान सांगणाऱ्या ज्योतिषाला आपण सुशिक्षित मंडळी हसतो. तेच भाकीत डॉक्टरांनी टक्केवारीत सांगितले की मात्र निमूटपणे मान डोलावतो. या दोन भाकितांत मोठा फरक आहे. पण तो समजून न घेतल्यास आपण विज्ञानाचीही पत्रिकाच करून टाकू, असे मला वाटते.

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. त्यावरील जोरकस उपचाराचा सांगाडा १९७३ पासून फारसा बदललेला नाही : सात दिवस सायटाराबिन आणि त्यांतील तीन दिवस डॉनोरुबिसिनसारखे औषध. साठीच्या आतील शेकडा ६० ते ८५ रुग्णांत रोग ओसरतो. साठीपुढे ४० ते ६० जणांत. ओसरणे म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. शिवाय हे औषध चांगल्या पेशींनाही मारते. काही आठवडे रुग्ण जंतुसंसर्गापुढे जवळजवळ निःशस्त्र असतो. तेव्हा प्रश्न दोन : रोग औषधाला दाद देईल काय, आणि देह ते सोसेल काय?

पहिल्याचे उत्तर गुणसूत्रांत शोधतात. आठव्या व एकविसाव्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली असेल तर आशा अधिक. टीपी-५३ हे जनुक बिघडलेले असेल तर कमी. दुसऱ्याचे उत्तर वय, हृदय, मूत्रपिंडे आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद यांवरून मिळते.

परंतु टक्केवारी समूहाची असते. शंभरांतील सत्तर जणांचा रोग ओसरेल म्हटले, तरी समोर बसलेली बाई सत्तरांत की तिसांत, हे कोणताही तक्ता सांगत नाही. मग भाकिताचा उपयोग काय? मार्ग निवडण्यासाठी! लक्षणे प्रतिकूल दिसली तर अस्थिमज्जा-रोपणाचा विचार लवकर करता येतो. देह दुर्बळ असेल तर अ‍ॅझासिटिडिनबरोबर व्हेनेटोक्लॅक्स हा तुलनेने सौम्य मार्ग आहे. त्याला अमेरिकेत २०१८ साली प्रथम मान्यता मिळाली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की नुसते वय पाहून ‘आता कशाला?’ असे कुणी म्हणू नये. आणि आपल्या घरांत हा आकडा मुलाला कळतो, जावयाला कळतो, कळत नाही तो फक्त आजाऱ्याला! त्याला ऐकायचे असेल, तर तो त्याच्या भाषेत सांगितला पाहिजे. किती सोसायचे आणि कशासाठी, हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्याचा देह त्याचाच आहे.